खिंडीत उरलेला खडा

वैशाख वद्य नवमी, दुपार. घाटमाथ्याची खिंड.

हजर: मी धरून अकरा. वरच्या आळीचे चौघे, खालच्या आळीचे तिघे, धनगरवाड्यावरचा एक, आणि दोघे भाऊ, थोरला व धाकटा. मी म्होरक्या, वर्ष पहिलं.

गैरहजर: माझे थोरले चुलते. आधीची वीस-बावीस वर्षं म्होरके तेच होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं घरी.

ही यादी त्या दिवशी वहीत लिहिली होती तशीच उतरवली आहे. ती चुकीची आहे. त्या दुपारी खिंडीत आम्ही दहाच होतो.

आमचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, घाटमाथ्यापासून दोन-अडीच तासांच्या चालीवर. त्या काळी पावसाळ्याचं मीठ आणि सुकट आम्ही कोकणातून आणत असू. वैशाखात गावातून माणसांची एक रांग निघायची. डोक्यावर हिरडा, घेवडा, मिरच्या, कांदे. पहाटे घाट उतरायचा, खाली बिरवाडीच्या बाजारात माल द्यायचा, मीठ घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी चढून यायचं. ज्या घरचा माणूस रांगेत गेला त्या घराला मीठ मिळालं. ज्याचा गेला नाही त्यानं पावसाळ्याचे चार महिने शेजाऱ्याकडं वाटी घेऊन जायचं. रांगेत जागा असणं ही म्हणूनच गावात मोठी गोष्ट होती, आणि ती जागा देणं वा न देणं म्होरक्याच्या हातात होतं.

मी चोविसाचा होतो. मामांकडं राहून भोरला सातवीपर्यंत शिकलो होतो आणि गावात माझ्याइतकं कुणी शिकलेलं नव्हतं. चुलत्यांची नजर गेली तेव्हा गावानं मला पुढं केलं. रांग मी त्याआधी दोनदाच केली होती. ओझं कसं घ्यावं, दम कसा राखावा हे माझ्यापेक्षा त्या दहांतल्या प्रत्येकाला जास्त कळत होतं. हे मलाही ठाऊक होतं, म्हणून मी सुरुवातीपासून आवाज चढवून बोलायला लागलो.

मी तीन सुधारणा केल्या. एक, प्रत्येकाचं नाव वहीत, आणि घाटाच्या पायथ्याला, मध्यावर व खिंडीत अशी तीन वेळा हजेरी. दोन, वाटेत कुणासाठीही थांबायचं नाही. ज्याला बसायचं त्यानं बसावं आणि मग धावत येऊन रांग गाठावी. तीन, पाण्याचा भोपळा दोघांत एक. आधी माणशी एक असायचा. पाण्याचं वजन कमी केलं तर तेवढं मीठ जास्त येतं, हा माझा हिशेब. हिशेब बरोबर होता.

आता खड्यांचं सांगतो. खिंडीत शेंदूर लावलेला देव आहे आणि त्याच्यापुढं चौरंगाएवढा सपाट कातळ. घाट उतरताना प्रत्येकानं आपल्या शेताच्या बांधावरचा एक खडा त्या कातळावर ठेवायचा. परत येताना आपापला खडा उचलून पाठीमागं न बघता खांद्यावरून टाकायचा, आणि गावाकडं चालू लागायचं. दुसऱ्याचा खडा कुणी उचलत नसे. लहानपणापासून हे बघत आलो होतो. भोरला सात यत्ता शिकून आल्यावर मला ते अडाण्यांचं खूळ वाटू लागलं. हातात वही असताना खडे कशाला? तरी पहिलंच वर्ष, म्हणून मी ते बंद केलं नाही. मीही माझा खडा ठेवला.

दोघा भावांपैकी धाकट्याला पंधरा दिवसांपूर्वी हिवताप येऊन गेला होता. त्याला यंदा वगळावं, असं थोरला मला निघायच्या आधी सांगून गेला. वगळला असता तर त्यांच्या घराला निम्मंच मीठ आलं असतं. दोन बायका, तीन पोरं, दोन म्हाताऱ्या. मी विचारलं, ताप आहे की उतरला? थोरला म्हणाला, उतरलाय, पर अंगात दम न्हाई. मी वहीत लिहिलं, ताप उतरला. पुढचं लिहिलं नाही.

परतीच्या चढणीला ऊन असं होतं की कातळावर हात टेकवत नव्हता. वाराही नव्हता. पायथ्याची हजेरी बरोबर, मध्यावरची बरोबर. मध्यावर धाकटा खाली बसला होता, त्याला मी उठवलं. कसं उठवलं तेही लिहायला हवं. त्याच्या ओझ्याला पायानं ढोसलं आणि म्हणालो, बायकोनं पाठवलंय का आईनं? रांग हसली. तोही हसला आणि उठला. त्याच्या ओठांवर पांढरं धरलं होतं. मिठाचं असेल असं मला वाटलं. दोघांत एक असलेला भोपळा थोरल्याच्या कमरेला होता, आणि माझ्या नियमानं थोरला पुढं, धाकटा शेवटी चालत होता, कारण धाकट्यानं थोरल्याच्या जिवावर रेंगाळू नये.

खिंडीत पोचल्यावर मी देवाकडं पाठ करून वही उघडली आणि खाली मान घालून नावं घेत गेलो. एकेकानं हाय म्हटलं. धाकट्याचं नाव घेतलं, थोड्या वेळानं हाय आलं. मी खूण केली. मग एकेकानं खडा उचलून टाकला. मी वही कनवटीला खोचली, माझा खडा घेतला आणि बघितलं, तर कातळावर एक खडा शिल्लक होता. नदीतल्यासारखा गुळगुळीत, करडा. आणि रांग खाली बसली होती. ओझी उतरवून, एक शब्द न बोलता, सगळेच्या सगळे.

कुणाचा खडा म्हणून मी विचारलं. कुणी उत्तर देईना. शेवटी थोरला भाऊ म्हणाला, "त्याचा हाय."

"मग तो हाय का न्हाई?"

"हाय."

"हितं हाय?"

तो देवाकडं बघत राहिला आणि पुन्हा म्हणाला, "हाय."

"मग उचल त्याचा खडा."

"ज्याचा त्यानं उचलायचा, म्होरके."

म्होरके म्हणताना त्यानं आवाज खाली घेतला होता, पण मला तो टोमणा वाटला. त्या दिवशी मला सगळेच टोमणे मारत आहेत असं वाटत होतं. वरच्या आळीतला एकजण तंबाखू मळत बसला होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बसा म्होरके, बसा. आबांच्या वक्ताला आमी असंच बसायचो." आबा म्हणजे माझे चुलते. मला कळलं की आता मी बसलो तर इथून पुढं रांग यांची, माझी नाही. मी गेलो आणि तो खडा लाथेनं उडवला. तो कातळावर दोनदा वाजला आणि कोकणाच्या बाजूनं खाली गेला.

 थोरला उठून घाटाकडं वळला. मी त्याला म्हणालो, "रांग सोडलीस तर पुढच्या वर्षी तुमच्या घराला रांगेत जागा न्हाई. दोघांला बी."

तो उभा राहिला. मी सांगितलं की धाकटा रमतगमत येईल, वाट काही चुकायची नाही. मग मी माझं ओझं उचललं आणि चालू लागलो. आधी तंबाखूवाला उठला, मग एकेक करून बाकीचे. सगळ्यांत शेवटी थोरला. मी मागं वळून बघितलं नाही. सगळे येतात की नाही हे मला पायांच्या आवाजावरून मोजायचं होतं. नऊ जोड्या मोजल्या आणि मला बरं वाटलं. हे खोटं नाही. मला बरं वाटलं होतं.

दिवेलागणीला गावात पोचलो. धाकटा आला नाही. थोरला आणि धनगर तेवढे मशाली घेऊन परत गेले, आणि तो मध्यावरच बसला असेल म्हणून थेट खाली उतरले. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर धनगरालाच तो सापडला. खिंडीपासून हाकेच्या अंतरावर, वाटेपासून थोडा आत, ऐनाच्या झाडाला टेकून बसलेला. मिठाची गोणी खोडाला नीट लावून ठेवलेली, तोंड आवळून बांधलेलं. चुंबळ मांडीवर. मध्यावरच्या हजेरीनंतर तो निम्म्याहून जास्त चढ चढला होता. आम्ही खिंडीत बसून राहिलो असतो आणि कुणी हाक मारली असती, तर त्याला ऐकू गेली असती. धनगर म्हणाला की जीव जाऊन फार वेळ झाला नव्हता. रात्रभर तो होता.

त्याला आणला तेव्हा सगळं गाव आमच्या ओट्यापुढं जमलं. चुलते आत होते, ते भिंत चाचपत बाहेर आले. त्यांनी रडारड थांबवली नाही, कुणाचं सांत्वन केलं नाही. मला समोर बोलावून फक्त विचारलं, "खिंडीत खडा उरला व्हता का?"

मी म्हणालो, "न्हाई."

माझ्यामागं आठ माणसं उभी होती. आठांनी तो खडा बघितला होता, लाथही बघितली होती. पण आठजण खिंडीतून उठूनही आले होते. त्यामुळं कुणी तोंड उघडलं नाही. थोरला भाऊ पुढं झाला, काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात धाकट्याची बायको त्याच्यापुढं आली आणि तिनं विचारलं, "भावजी, हाजरीला हाय कोण म्हणालं?"

थोरला म्हणाला, "म्या."

गावाला तेवढं पुरलं. मलाही पुरलं. मी वही उघडून सगळ्यांना ती खूण दाखवली. भावाच्या नावापुढं भावाच्या तोंडची खूण. मी म्हणालो, मी नाव घेतलं, यानं हाय म्हटलं, मी काय करणार? शब्दन्‌शब्द खरा होता.

दहा-बारा दिवसांनी चुलत्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं की खिंडीत नावं घेऊन हजेरी घ्यायला मला कुणी शिकवलं. मी शाळेचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की खिंडीतल्या देवापुढं जित्या माणसाला न्हाई म्हणायचं नसतं. म्हटलं की तो खरंच न्हाई होतो, असं मानतात. म्हणून तिथं कुणाचं नाव पुकारलं तर त्याच्या घरच्यानं हाय म्हणायचंच, तो दहा कोस लांब असला तरी. ही रीत रांगेतल्या जुन्यांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हती. "तोंडाला बंदी हाय, म्हणून तर खडे," ते म्हणाले. "माणूस न्हाई हे खड्यानं सांगायचं. खडा उरला की बसायचं. कुणी इचारायचं न्हाई, कुणी सांगायचं न्हाई." मग त्यांनी पुन्हा विचारलं, खडा नव्हता ना? मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांनी त्यांची ती पांढरी बुबुळं माझ्यावर रोखली आणि परत कधी तो विषय काढला नाही. मरेपर्यंत माझ्या हातचं पाणीही मागितलं नाही, सुनेच्या हातचं मागत.

म्हणजे थोरला मला तीनदा सांगत होता. हाय, हाय, हाय. त्याला दुसरा शब्द वापरायची सोय नव्हती.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण ते थोडक्यातच झालं. गावानं थोरल्याला वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकायला पंचायत बसवावी लागते, कारण सांगावं लागतं. त्यापेक्षा सोपं होतं ते केलं. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला विचारायचे, दिराच्या मिठाची भाजी गोड लागती का गं? कारण धाकट्याची गोणी धनगरानं आणून त्यांच्याच दारात ठेवली होती, आणि घरात दुसरं मीठ नव्हतं, म्हणून त्यांनी ती खाल्ली. धाकट्याच्या बायकोनं खाल्ली नाही. तिनं चार महिने अळणी खाल्लं, आणि जेवायला बसली की दिराला ऐकू जाईल असं म्हणायची, तुमाला वावर बी मिळालं, मीठ बी मिळालं. पोरं त्याला वाटेत बघितलं की एकामागून एक हाय, हाय असं ओरडत पळायची.

मग भाताची लावणी आली. आमच्याकडं लावणी सावडीवर चालते. आज सगळ्यांनी याच्या खाचरात, उद्या त्याच्या. कुणाची पाळी कधी, ही यादी त्या वर्षीपासून माझ्याकडं होती. मी यादी केली आणि थोरल्याचं घर तीत घातलं नाही. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. त्याची रोपं वाफ्यातच पिवळी पडली. दोघं नवरा-बायको चिखलात वाकून जेवढी लागली तेवढी लावत होती, आणि आम्ही पंधराजण शेजारच्या खाचरात होतो. त्यानं एकदा वर बघितलं. मी दोरी धरून ओळी सरळ करत होतो.

दसऱ्यानंतर तो बायकापोरं घेऊन भाटघरला गेला. तिथं धरणाचं काम चालू होतं, दगड फोडायला माणूस लागत होता. आई इथंच राहिली आणि त्याच वर्षी गेली. त्याच्या खाचरांत खालच्या आळीचा एकजण नांगर घालू लागला. रांगेतल्याच तिघांपैकी.

मी म्होरक्या राहिलो. पुढची अकरा वर्षं, आणि त्यानंतरही.

या वर्षांत मी काय शिकलो, याची एक यादी मी मागं केली होती. ती आता वाचवत नाही, फार स्वतःची पाठ थोपटणारी आहे. खरं तेवढं लिहितो. दुसऱ्या वर्षापासून मी रांगेच्या शेवटी चालू लागलो. पुढं चालणाऱ्याला फक्त वाट दिसते. शेवटी चालणाऱ्याला पोटऱ्या दिसतात, आणि कुणाच्या पोटरीला कापरं भरलं आहे हे त्याच्या तोंडाआधी कळतं. भोपळा माणशी एक केला. खिंडीत हजेरी बंद केली आणि वही गावात ठेवून जाऊ लागलो. ओरडणं कमी व्हायला तीन-चार वर्षं लागली. मी भ्यालो की ओरडतो, हे मला आधी बायकोनं सांगितलं. मी तिच्यावर ओरडलो. मग मला पटलं.

पाचव्या की सहाव्या वर्षी खिंडीत पुन्हा एक खडा उरला. मी ओझं उतरवलं आणि बसलो. बाकीचेही बसले. तास झाला. पाणी संपत आलं. माणसं कुरकुरू लागली, तेव्हा मी त्यांना देवापाशी ठेवलं आणि एकटा खाली उतरलो. पाऊण घाट उतरल्यावर आमचा गडी मला करवंदीच्या जाळीमागं सापडला. बिरवाडीला कच्ची ताडी पिऊन आला होता, पोट बिघडलं होतं, आणि लाजेनं तिथंच लपून बसला होता. त्याची गोणी माझ्या डोक्यावर घेऊन मी त्याला वर आणला. रांग पोट धरधरून हसली. तंबाखूवाला म्हणाला, "म्होरके, ह्याच्यापायी आमाला वाळत घातलं व्हय?" गावात ते वर्षभर चाललं. कुणी परसाकडला निघालं की लोक मला म्हणायचे, जा, खडा घेऊन बसा.  पहिल्या वर्षी मला एवढंच करायचं होतं. लोक हसले असते, तेवढं सोसायचं होतं, आणि एक माणूस घरी आला असता.

अकराव्या वर्षी चुलते वारले. त्यांचे दिवस झाल्यावर, रांग निघण्याआधी, मारुतीच्या देवळात सगळी घरं बसली. म्होरक्या कोण, हे दरवर्षी तिथं नावाला विचारलं जाई. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. भोपळ्याचं, ढोसल्याचं, खड्याचं, लाथेचं, धमकीचं, आणि आमच्या ओट्यापुढं मी नाही म्हणालो त्याचं. सावडीच्या यादीचंही. बोलताना खांब धरला होता. बोलून झालं की लोक मला मारतील किंवा मान खाली घालतील, असं मला वाटलं होतं. दोन्ही झालं नाही.

तंबाखूवाल्याचे केस तोवर पांढरे झाले होते. तो म्हणाला, "तू एकटा व्हतास व्हय खिंडीत? आमी बी उठून आलोच की. आकरा वर्सं गप बसला व्हतास, आता आमाला कशापायी उठवतोस?"

मी म्हणालो, त्याला परत बोलवू. त्याची खाचरं त्याला देऊ.

 ती खाचरं करणारा माझ्यासमोरच बसला होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, बांध म्या घातलेत, आधी बांधाचं बोला. मग बांधाचं बोलणं सुरू झालं आणि बराच वेळ चाललं. शेवटी कुणीतरी म्हणालं, मेलेला मेला, गेलेला गेला, म्होरक्या कोण ते ठरवा. आणि त्यांनी मलाच ठरवलं. त्यांना माझ्याइतका सोयीचा माणूस नव्हता. मी सगळ्यांचं पाप एकट्याच्या नावावर मागून घेतलं होतं, आणि रांगही नीट नेत होतो.

पोरं मात्र हाय, हाय हा खेळ खेळतच राहिली. ती नवी पोरं होती. त्यांना ते कुणाचं, हे माहीतही नव्हतं.

त्या संध्याकाळी धाकट्याची बायको आमच्या दारी आली. तिला कुणीतरी देवळातलं सांगितलं होतं. ती ओट्यावर बसली नाही, अंगणातच उभी राहिली. मी तिला काहीतरी म्हणायला लागलो, तर तिनं हात वर केला.

"आकरा वर्सं म्या त्यांला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "ल्योक जेवायला बसला की त्याला बी शिकवल्या. आता त्या शिव्या म्या कुणाला देऊ? तुमाला देऊ, तर तुमी म्होरके."

मी म्हणालो, मला द्या.

"तुमाला दिऊन माझ्या जिभेचं काय भागंल? तुमी भाटघरला जावा. त्यांच्यासमोर उभं ऱ्हावा आन्‌ सांगा, खडा व्हता, गाव खोटं बोललं, तुमी खोटं बोललात. म्या त्यांच्यासमोर जायाची न्हाई. मला त्वांड न्हाई."

मी जातो म्हणालो. ती गेली. ती आता थकली आहे. दरवर्षी दिवाळीनंतर एकदा अंगणात येते, काही न विचारता उभी राहते आणि परत जाते.

भाटघरला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर. धरणाचं काम कधीच संपलं होतं, पण तो खाली नदीकाठी कुणाच्यातरी रानात झोपडं घालून राहिला होता. त्या दिवशी घरी नव्हता, भोरच्या बाजाराला गेला होता. थांबलो असतो तर दुपारपर्यंत आला असता. मी थांबलो नाही. खिंडीत तास तास बसायला शिकलेला माणूस, तिथं घटकाभर बसू शकलो नाही.

दुसऱ्यांदा चार वर्षांनी गेलो. तेव्हा तो दारात होता, दोरी वळत होता. दगड फोडताना उजवा डोळा गेला होता. त्यानं मला ओळखलं. नाव घेतलं नाही, या म्हणाला आणि घोंगडी पुढं केली. पोरगी मोठी झाली होती, तिला त्यानं पाणी आणायला सांगितलं. तिनं तांब्या भरून आणला. उन्हातून चालत आलो होतो. मी तो सगळा प्यालो. त्यानं विचारलं, "आजून देऊ?" मी हो म्हणालो, तर त्यानं स्वतः उठून दुसरा तांब्या भरून आणला. तोही प्यालो. मग त्यानं गावाकडच्या पावसापाण्याचं विचारलं. ते सांगितलं. भावजयीचं विचारलं, तिच्या पोराचं विचारलं. तेही सांगितलं.  तो थांबला होता. मला ते नक्की कळत होतं की तो थांबला आहे, दोरी बाजूला ठेवून, एका डोळ्यानं माझ्याकडं बघत. मारुतीच्या देवळात साठ माणसांपुढं मी जे बोललो, ते एका माणसापुढं माझ्या तोंडून निघालं नाही. मी उठलो, रामराम केला आणि निघालो. तो मागून म्हणाला, "सांभाळून जा, ऊन लई हाय."

आता मीठ मोटारीनं भोरला येतं आणि तिथून गाडीनं वर. रांग बंद होऊन काही वर्षं झाली. खिंडीतल्या कातळावर खडे नाहीत, शेंदूरही उडाला आहे. माझ्याकडं अजून याद्या असतात, फक्त त्या आता घरच्या कामांच्या. या आठवड्याची ही समोर आहे.

१. गोठ्याचं छप्पर शाकारणे. झालं.

२. बियाणाचं भात उन्हाला घालणे. झालं.

३. दोन चुंबळी, एक जू, दुरुस्ती. जू झालं, चुंबळी उद्या.

४. भाटघरला जाऊन सांगणे.